दीड इंच खाली

खरवईतल्या त्या घराच्या कंपाउंडमध्ये फणसाखाली एक पांढरी गाडी उभी असते. नवीन माणूस आला की हमखास विचारतो, "ही कोणाच्या मुलाची?" कारण गाडी खाली बसवलेली आहे. चाक आणि वरचा पत्रा यांच्यात जेमतेम दोन बोटं जातात. अशा गाड्या आमच्याकडे विशीतली मुलं फिरवतात. मागे मोठा सायलेन्सर, काचांवर काळी फिल्म, आत गाणी. या गाडीचा सायलेन्सर साधा आहे, काचा साध्या आहेत आणि सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. ती खाली घेतली तेव्हा मालकाचं वय सदुसष्ट होतं.

मालक म्हणजे आमचे तेव्हाचे घरमालक. मी अंबरनाथला मोरिवलीच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात आहे. लग्नानंतर आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो, पुढे शेजारच्याच गल्लीत फ्लॅट घेतला, पण येणंजाणं सुटलं नाही. ते मूळचे तिथलेच, शेतीवाल्या घरातले. मोरिवलीतच दुसऱ्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. पहिल्या दिवशी मी काय करतो ते विचारलं आणि तेव्हापासून मी 'अकाउंट' झालो. "काय अकाउंट, निघाला का?" "अकाउंट, पाणी आलंय, भरून घ्या."

त्यांनाही एक नाव होतं, पण ते त्यांच्यामागे घ्यायचं. सगळी आळी त्यांना 'ओरिजिनल काका' म्हणायची.

त्यांचा एक ठाम सिद्धांत होता: वस्तू कारखान्यातून जशी आली तशीच ती बरोबर असते. "बनवणारा येडा नाय," ते बोलायचे. "त्यानं विचार करून बनवलंय. आपण हात लावला की ती बिघडली." त्यामुळे फ्रिजवरचा स्टिकर तसाच, टीव्हीचा रिमोट पिशवीत, सोफ्यावर प्लॅस्टिक. उन्हाळ्यात त्या सोफ्यावरून उठताना आवाज यायचा आणि पाहुणे ओशाळायचे. आमच्या न्हाणीघरातला नळ गळायला लागला, तेव्हा मी कोपऱ्यावरच्या दुकानातून वॉशर आणून बसवला. त्यांना कळलं. ते वर आले, वॉशर काढला, खिशात टाकला आणि नळ बनवणाऱ्या कंपनीचाच वॉशर मिळेपर्यंत आम्हाला बादली लावून ठेवायला लावली. वॉशर मिळायला पंधरवडा गेला. दाताच्या डॉक्टरने कवळीचा सल्ला दिला, तर त्यालाही म्हणाले, "अजून सहा ओरिजिनल शिल्लक हायेत. ते गेले की बघू."

काकी हे सगळं ऐकून भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "मीपण ओरिजिनलच हाय म्हणून टिकलेय."

काकी म्हणजे त्यांची बायको. बारीक, बोलायला तिखट. त्यांचं माहेर खाडीकाठचं, मिठागरवाल्यांचं. आईबाप गेले, मिठागर गेलं, भाऊ नव्हता. माहेर म्हणून उरली होती एक धाकटी बहीण, जवळच्या जांभूळ गावात दिलेली. दर रविवारी सकाळी काकी जांभूळला जायच्या. काका गाडी काढायचे, त्यांना सोडायचे, बाहेर पडवीत बसून पेपर वाचायचे आणि जेवून दोघं परत यायची. आम्ही वर राहत होतो त्या वर्षांत हा रविवार एकदाही चुकलेला मला आठवत नाही.

मग काकींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा पाय आणि उजवा हात गेला. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा काका मला जिन्यात भेटले. "पार्ट सगळे ओरिजिनल हायेत," ते बोलले. "फक्त करंट जात नाय." एवढं बोलून ते माझ्याकडे न बघता वर टाकीचं पाणी बघायला गेले. टाकी भरलेलीच होती.

व्हीलचेअर आली. घरात काकी फिरायला लागल्या. प्रश्न गाडीचा होता. मुलगा पुण्याला नोकरीला. तो आला असताना एका रविवारी त्याने आणि शेजारच्या एका माणसाने काकींना खुर्चीतून उचलून गाडीत बसवलं. जांभूळला पोचल्यावर पुन्हा उचललं, बहिणीच्या दारात, सगळ्यांसमोर. लुगडं वर गेलं, चप्पल पडली. परत आल्यावर काकींनी सांगून टाकलं, "मी काय भाताची गोण हाय? आता मना नेऊ नका."

आणि खरंच त्या गेल्या नाहीत. बहीण खरवईला यायची. पण काकींचं समाधान व्हायचं नाही. एकदा माझ्या बायकोला त्या म्हणाल्या, "ती येते ना, तेव्हा मी आजारी असते. मी गेले की मी पाहुणी असते. कळलं काय?"

माझ्या बायकोला कळलं. काकांनाही कळलं होतं, पण ते बोलून दाखवणारे नव्हते. त्यांनी मोजमाप सुरू केलं.

त्याच महिन्यात एका संध्याकाळी मी कामावरून आलो, तर ते टेप घेऊन गाडीपाशी ओणवे होते. "अकाउंट, इकडे या. आकडा धरा." खुर्चीची बैठक वीस इंच. गाडीची सीट बावीस. दोन इंचांचा चढ. काकींचा डावा हात आणि डावा पाय चांगला होता. दोन्ही बैठका जवळपास एका पातळीत आल्या आणि मधे फळी टाकली, तर त्या डाव्या पायाने जमीन रेटत स्वतः सरकू शकल्या असत्या. कोणी हात लावायची गरज नव्हती.

मी सोपा उपाय सांगितला: खुर्चीवर दोन इंचांची जास्तीची गादी टाका.

"टाकून बघितली," ते बोलले. "पाय अधांतरी राहतो. जमिनीला लागला तर ती रेटणार ना." "खुर्ची वर जात नाय. म्हणजे गाडी खाली आली पाहिजे."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून मला काय वाटलं ते सांगतो. ज्या माणसाने नळाच्या वॉशरसाठी मला पंधरवडा बादली लावायला लावली, तो कंपनीची गाडी बदलायची म्हणत होता.

ओरिजिनलचा नियम पहिल्यांदा मोडला तो फळीसाठी. फळी म्हणजे त्यांच्या घरातला सागवानी पाट, ज्यावर बसून दोघांना हळद लागली होती. त्याचे खालचे दोन आडवे पाय त्यांनी करवतीने कापले, रंधा मारला आणि वर मेणबत्ती घासली, म्हणजे सरकायला गुळगुळीत. कापताना शेजारपाजारचे जमले. कोणीतरी म्हणालं, "काका, ओरिजिनल होता ना पाट?" ते करवत न थांबवता बोलले, "पाट तोच हाय. पाय काय बसतात पाटावर?"

गाडी खाली आणायला आखूड स्प्रिंग लागते; तिच्यासाठी आम्ही उल्हासनगरला गेलो. कॅम्प तीनच्या एका गल्लीत एका सिंधी माणसाचं गॅरेज होतं. गाड्या खाली घेण्यात तो सगळ्या मुलांमध्ये प्रसिद्ध. बारीक, चाळिशीचा, तोंडात सुपारी. आमची गाडी दारात लागली, आतून काका उतरले, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, आणि म्हणाले, "लोअरिंग स्प्रिंग बसवायची."

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीत आणखी कोणी तरणा आहे का ते पाहिलं. "अंकल, इस उमर में रेस लगाओगे क्या?"

तिथे दोन मुलं गाडीला टेकून उभी होती, ती हसली. काकांनी डिकी उघडली, व्हीलचेअर बाहेर काढली, उघडली, डाव्या दाराशी लावली, पाट मधे ठेवला आणि स्वतः खुर्चीत बसून सरकून दाखवायला लागले. काकांचं वजन शहाण्णव किलो. हे मला माहीत होतं, कारण भंगारवाल्याच्या काट्यावर ते महिन्यातून एकदा उभे राहायचे आणि आकडा मला सांगायचे. ते सीटवर टेकले तशी गाडी डावीकडे कलली.

"काका, हे माप चुकतंय," मी म्हणालो. "काकी पन्नासच्या आतबाहेर. तुम्ही बसल्यावर गाडी जास्त दबते. दीड इंच लागत असेल तिथे तुम्हाला एकच वाटेल."

त्यांनी विचार केला आणि गॅरेजवाल्याला वरखाली न्याहाळलं. "तुझं वजन किती?"

"किसका, मेरा? बावन."

"बस."

तो बसला. गिऱ्हाईक सांगतंय म्हणून, आणि जमलेल्या लोकांना गंमत वाटत होती म्हणून. काकांनी त्याला सांगितलं, उजवा हात मांडीवर सोडून दे, उजवा पाय हलवायचा नाही, आता सरक. त्याने प्रयत्न केला. दोन इंचांच्या चढावर पाट तिरका राहिला आणि तो मधेच अडकला. डाव्या पायाने रेटलं, तर खुर्ची मागे सरकली. कोणाचा हात धरायला त्याने मान वळवली.

"हात नाय मिळणार," काका बोलले. "तिला नको असतो."

तो तसाच पाटावर अर्धवट बसून राहिला. "किसके लिए है?" त्याने विचारलं.

"मालकीण," काका बोलले.

त्याने सुपारी थुंकली आणि उठला. "पहले बोलना था ना, साईं." त्यानंतर तो एकदाही हसला नाही, पण भांडला मात्र भरपूर. भांडण शॉकअपवरून.

गाडीतलं ज्यांना काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मलाही त्या दिवशीच कळलं. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि शॉकअप स्प्रिंगच्या उड्या आवरतो. दोघांची लांबी एकमेकांना जुळवून ठरवलेली असते. स्प्रिंग आखूड घातली आणि शॉकअप जुनाच ठेवला, तर तो कायम अर्धा मिटलेला राहतो. खड्डा आला की त्याला मिटायला जागाच उरत नाही, तो बुडाशी आपटतो आणि काही दिवसांनी तेल सोडतो. गॅरेजवाला म्हणत होता, आखूड शॉकअपपण घाला. मी हिशेब केला आणि म्हणालो, बरोबर आहे, आज वाचवलेले पैसे उद्या दुप्पट जातील.

"पैशाचं नाय," काका बोलले. "स्प्रिंग बदलली, कारण तिला अडत होती. शॉकअप कुणाला अडतोय? तो ओरिजिनल राहील."

"अंकल, वो मर जाएगा."

"मरेल तेव्हा मरेल. जिवंतपणी काढायचा नाय."

शेवटी गॅरेजवाल्याने हात टेकले. गाडी दीड इंच खाली आली. अर्धा इंच राहिला, तो चालण्यासारखा होता. जुन्या चार स्प्रिंगा काकांनी मागून घेतल्या, घरी आणून ग्रीस लावलं आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. खुर्ची गाडीच्या दाराशी लागली, पाट ठेवला गेला. काका, मी, माझी बायको, असे आम्ही तिघं उभे. काकींनी एकेकाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तिकडं बघा."

आम्ही वळून फणसाकडे बघत उभे राहिलो. त्या वर्षी फणसाला किती फळं होती ते मी अजून सांगू शकेन. मागे पाटाचा घासल्याचा आवाज आला, थांबला. दम टाकल्याचा आला. पुन्हा घासलं. सीटवरचं प्लॅस्टिक करकरलं; त्या प्लॅस्टिकला मी इतकी वर्षं नावं ठेवत होतो, पण सरकायला त्याचाच उपयोग झाला. मग दार धप् असं लागलं.

"काय झाड बघताय?" आतून काकी म्हणाल्या. "उशीर होतोय."

जांभूळचे रविवार परत सुरू झाले. अधूनमधून आम्हालाही नेत असत, आणि त्या जाण्याचा एक वेगळाच त्रास होता. गाडी खाली आल्यामुळे वाटेतल्या गतिरोधकांना पोट लागायचं. गतिरोधक सात. काकांनी त्यांना नावं दिली होती. शाळेपुढचा 'मास्तरीण', दोन जोडीने असलेले 'जावा', आणि जांभूळच्या तोंडाशी सगळ्यात उंच होता तो 'सरपंच'. प्रत्येकाच्या अलीकडे गाडी थांबायची आणि मागच्या सीटवरच्यांनी वजन कमी करायला उतरायचं. गाडी हळूच पलीकडे जायची, आम्ही चालत जाऊन पुन्हा बसायचं. रिक्षावाले बघायचे. पहिल्या खेपेला काकांनी माझ्या बायकोला सरळ विचारलं, "वहिनी, वजन किती?"

"हे लिहून घेणार असतील तर सांगणार नाही," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली आणि उतरून चालायला लागली.

बाकीचे सहा निभायचे. सरपंच कधी निभला नाही. आम्ही उतरलो तरी खालून खर्रर् आवाज यायचाच. तो आला की काका स्टिअरिंगवरचा एक हात कपाळाला लावून म्हणायचे, "नमस्कार, सरपंच." आणि काकी बाहेर बघत हसायच्या. दर रविवारी. जाताना आणि येताना.

शॉकअपचं गॅरेजवाला म्हणाला तसंच झालं. दुसऱ्या वर्षी मागच्या दोघांनी तेल सोडलं. खड्ड्यातून गेलं की गाडी एकदा उडून थांबायच्या ऐवजी तीन-चार वेळा वरखाली व्हायची. मी काकांना सांगितलं की ब्रेक लागायलाही याने फरक पडतो, हे बदला. त्यांनी प्रथमच मान्य केलं. कंपनीच्या दुकानातून चौकशीही करून आले. पण काकी अडून बसल्या.

"नाय बदलायचं. बाबाच्या होडीत बसल्यासारखं वाटतं."

त्यांच्या वडिलांची मिठाची होडी होती. भरतीला ती काठाशी बांधलेली असली की दोघी बहिणी जाऊन आत बसायच्या. हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आणि मला वाटतं, काकांनीही.

त्यांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "बघा अकाउंट. ओरिजिनल."

मला हे पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. पण ते ताशी तिसाच्या वर कधी गेले नाहीत, हेही खरं आहे.

गेल्या वर्षी काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. तोंडात चार ओरिजिनल दात शिल्लक होते.

महिनाभराने मुलगा पुण्याहून आला. गाडी विकायची ठरली. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. घरात चालवणारं कोणी नव्हतं. घेणारा म्हणाला, माळ्यावरच्या जुन्या स्प्रिंगा आधी परत बसवा, अशी बसलेली गाडी मी नेणार नाही. मुलाने मला विचारलं की रविवारी गाडी उल्हासनगरला नेऊन आणाल का. मी हो म्हणालो. किल्ली घ्यायला गेलो, तर काकी खुर्चीत तयार बसल्या होत्या, मांडीवर पाट.

"वर करायच्या आधी एकदा जांभूळ," त्या म्हणाल्या. "मग न्या कुठे ते."

मी खुर्ची दाराशी लावली, पाट ठेवला आणि त्यांनी सांगायच्या आत फणसाकडे तोंड करून उभा राहिलो. या वेळी जास्त वेळ लागला. मधे एकदा सगळंच थांबलं. मी वळलो नाही. शेवटी दार लागलं.

आम्ही निघालो. गाडी होडीसारखी डुलत होती. मास्तरीण गेली, जावा गेल्या. सरपंच आला. मी पहिला गिअर टाकला आणि अगदी हळू चाक चढवलं, पुढचं, मग मागचं. कान खाली लावून होतो. काकीही मान जरा कलती करून ऐकत होत्या.

आवाज आलाच नाही. गाडी पलीकडे उतरली.

मी थांबलो. हिशेब सोपा होता आणि तो मी आधी करायला हवा होता. माझं वजन चौसष्ट.

"लागला नाय," काकी म्हणाल्या.

"वजन कमी आहे, काकी."

मागून एका रिक्षाने हॉर्न दिला आणि बाजूने निघून गेली. मग त्यांनी पदर सारखा केला.

"तरी नमस्कार करा," त्या म्हणाल्या. "त्याला सवय हाय."

मी हात कपाळाला लावला. नमस्कार, सरपंच, म्हणालो.

जांभूळहून परत आल्यावर त्यांनी मुलाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी कंपाउंडमध्ये होतो. स्प्रिंगा अजून माळ्यावर आहेत. रविवारी मी गाडी काढतो. शॉकअप मात्र मी पुढच्याच आठवड्यात बदलून घेतले, कंपनीचेच, आणि होडी घालवली म्हणून काकी मला अजून ऐकवतात.